मागे चालणाऱ्या बाया

"रेफरन्स कुठला घेतला?" असं कोणी विचारलं की अजूनही माझं डोकं सणकतं. विचारणारी पोरं गुणी असतात, माझ्यापेक्षा हुशारही असतात. पण सकाळी संगणकावर शंभर चित्रं उघडतात, त्यातलं एक उचलतात आणि संध्याकाळपर्यंत त्याचंच पाच रंगांत लोणचं घालतात. वर त्याला प्रेरणा म्हणतात. मी सहसा गप्प बसते, कारण एकदा सुरू झाले की थांबत नाही हे घरच्यांना आणि ऑफिसातल्यांना माहीत आहे. आज लिहायलाच बसले आहे, तर सांगून टाकते. मला माझं पहिलं हलतं चित्र दिसलं ते मूल गावाजवळच्या एका बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, पोटरीभर चिखलात. आणि त्यासाठी मला एक वर्ष मोजावं लागलं.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. गडचिरोली नुकतीच वेगळा जिल्हा झाली होती. चंद्रपूरला आमच्याकडे सगळे चांदाच म्हणत. तिथे चार खोल्या आणि एक व्हरांडा एवढ्या जागेत एक चित्रकलेची संस्था चालायची. तिथे मी कमर्शियल आर्टच्या शेवटच्या वर्षाला होते. रोज एसटीनं जायचं, एसटीनं यायचं. ड्रॉइंगबोर्ड उभा धरून बसले की कंडक्टर म्हणायचा, "बाई, ह्या दरवाजाचं वेगळं तिकीट लागते बरं."

बाबा मूलच्या एका राइस मिलमध्ये हमाल होते. माय लोकांच्या शेतात कामाला जायची. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हापासून आमच्या घरात एक गोष्ट पक्की होती: पोटाला कमी पडलं तरी चालेल, शाळा सुटता कामा नये. माझी शाळा मात्र जरा जास्तच लांबली होती. गोंडपिपरीच्या मामानं एक स्थळ आणून ठेवलं होतं, मुलगा नोकरीवाला होता आणि ती माणसं थांबायला तयार नव्हती. शेवटी बाबा आणि मामा यांच्यात ठरलं की या वर्षी पास झाली तर पोरगी नोकरी शोधेल, नापास झाली तर लग्न. माय त्या बैठकीत चहा देऊन आत गेली ती बाहेर आलीच नाही.

शेवटच्या परीक्षेचं मोठं काम होतं हलतं चित्र. संस्थेकडे कॅमेरा नव्हता. आमच्या सरांनी एका जुन्या पुस्तकातून तोड काढली. पत्र्याचा गोल डबा घ्यायचा, त्याच्या भिंतीला वरच्या बाजूनं बारा उभ्या चिरा पाडायच्या, आतून खालच्या बाजूला बारा चित्रांची कागदी पट्टी लावायची आणि डबा गरगर फिरवून चिरांमधून समोरच्या चित्रांकडे बघायचं. बारा चित्रांचं एकच चित्र होतं आणि ते हलायला लागतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ओरडलेच. सर म्हणाले, "ओरडू नका, विषय शोधा. प्रेरणा घ्या."

प्रेरणा कपाटात होती. काचेच्या कपाटात परदेशी डिझाइनची आठ जाडजूड पुस्तकं होती, किल्ली सरांच्या खिशात. एकेकाला अर्धा तास पुस्तक मिळायचं, तेही सरांसमोर बसून, हात धुऊन. खोटं कशाला बोलू, ती पुस्तकं बघून मी वेडी झाले होते. इतक्या स्वच्छ रेघा माणसाच्या हातून निघतात यावर विश्वास बसत नव्हता. वर्गातली पोरं ट्रेसिंग पेपर घेऊन तुटून पडली. त्या वर्षी आमच्या वर्गात सहा घोडे धावले, त्यातले चार एकाच पानावरचे. वरातीतला घोडा सोडला तर त्यांच्यातल्या कोणी घोड्याला हातसुद्धा लावलेला नव्हता. मीही एक उडणारा पक्षी उतरवून आणला. घरी आल्यावर बघितला तर हात दुसऱ्याच कोणाचा वाटला. फाडून चुलीत घातला.

रविवारी बाबांचा डबा घेऊन मिलवर गेले. बाबा पोत्यांच्या थप्पीसमोर उभे होते आणि वीस पावलांवरून सांगत होते, हे इकडे, ते तिकडे. प्रत्येक व्यापाऱ्याच्या पोत्यावर पत्र्याच्या साच्यानं उठवलेली खूण असायची: चांदणी, पोपट, दोन ताडं, तराजू. बाबा तिसरी शिकलेले. अक्षरं लावून लावून वाचायचे, पण खूण बघायला त्यांना पापणी लवायचाही वेळ लागत नसे. मी विचारलं, चांगली खूण कोणती? ते म्हणाले, "पोतं पाठीवर उलटं असलं तरी वळखू आली पायजे, थे चांगली. हा पोपट पाह ना. उलटा केला का वांग्यावानी दिसते." डिझाइनचा एवढा सरळ धडा मला त्या आठ पुस्तकांत मिळाला नव्हता. तिथेच मी ठरवलं की कपाटाकडे परत जायचं नाही.

त्याच आठवड्यात रोवणी जोरात आली. धानाचे पऱ्हे खणून, त्यांच्या जुड्या बांधून, चिखल केलेल्या बांधीत एकेक रोप खोचायचं, ती रोवणी. मायला भाकर द्यायला गेले आणि धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून राहिले. दहा-अकरा बाया एका ओळीत वाकलेल्या. डाव्या हातात जुडी. उजवा हात जुडीतून रोप काढतो, चिखलात जातो, रिकामा वर येतो. पुन्हा जातो. सगळ्या मिळून सरकतात आणि चिखलावर हिरव्या टिपक्यांची एक ओळ उमटते. लहानपणापासून मी हे हजार वेळा पाहिलं होतं, सुट्टीत स्वतः केलंही होतं. त्या दिवशी मात्र मला त्यातली बारा चित्रं वेगवेगळी दिसली. हात कुठे सुरू होतो, कुठे संपतो आणि संपता संपता पुन्हा कसा सुरू होतो, सगळं. भाकर तशीच माझ्या मांडीवर राहिली. मायनं लांबून शिवी घातली तेव्हा भानावर आले.

हलत्या चित्रासाठी घेतलेला माझा डबा वनस्पती तुपाचा होता, खालून सायकलचा हब बसवला होता, झकास फिरायचा. आठ दिवस खपून मी बारा चित्रं काढली. मायला अंगणात बोलावलं, डोळा चिरेशी लावायला सांगितला आणि डबा फिरवला. माय दोन क्षण बघत राहिली आणि पदर तोंडावर घेऊन हसायलाच लागली.

"हे बाई कोणाच्या गावची वं? रोवून राह्यली का तुडवून राह्यली?"

माझ्या चित्रातली बाई रोप लावायची आणि पुढे पाऊल टाकायची. लावलेल्या रोपावरच. कारण पुस्तकात लिहिलं होतं की चालणारी आकृती पुढे चालली पाहिजे आणि तिच्यासमोर मोकळी जागा हवी. रोवणी मागे सरकत करतात. लावलेलं पुढे राहतं, आपण मागे जातो. हे आमच्याकडच्या शेंबड्या पोराला कळतं आणि मी, कमर्शियल आर्टच्या शेवटच्या वर्षाला! माझ्या पायांना ठाऊक होतं, हातानं मात्र पुस्तकाचं ऐकलं होतं. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

मायनं हसणं थांबवलं. तिनं चुलीजवळच्या तुऱ्हाटीच्या काड्या घेतल्या, लुगडं खोचलं आणि सारवलेल्या अंगणात वाकून रोवायला लागली. काड्या जमिनीवर ठेवायची, मागे सरकायची. मी कागद घेऊन तिच्याबरोबर सरकत होते. मी तिची टाच आधी मागे काढली तर ती तशीच वाकलेली ओरडली, "टाच नाई वं! आंगठा पयले मांगं जाते. मांगं खड्डा हाये का काय हाये, थे आंगठ्यालेच दिसते." शेजारच्या दोघी कुडावरून बघत होत्या. एक म्हणाली, "बाई, पोरीनं तुले कामालेच लावलं न." माय म्हणाली, "तिले पास करून राह्यली मी."

मी बाराच्या बारा चित्रं नव्यानं काढली. बाई जागेवरच वाकलेली, तिचा हात जातो, येतो, अंगठा मागे चाचपतो, आणि लावलेल्या हिरव्या ओळी तिच्यापासून दूर दूर सरकत जातात. डबा फिरतोय तोवर बांधी हिरवी होतच राहते. मायनं पुन्हा डोळा लावला. या वेळी बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "हं. आता आली. पण हे कधी घरी जाईन वं? हिले सुट्टीच नाई."

परीक्षा उन्हाळ्याच्या तोंडावर होती. व्हरांड्यात टेबलं मांडली, त्यांवर डबे. परीक्षक मुंबईहून आले होते. माणूस वाईट नव्हता. सफारी घातलेला, हसतमुख, पोरांची नावं विचारणारा. घोडे एकामागून एक धावले. ते "वा" म्हणत पुढे आले. माझ्या टेबलाशी मीच डबा फिरवून दिला. ते वाकले, बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"तुमच्या चित्रांचा क्रम उलटा लागलाय. बाई मागे चालली आहे."

"नाही सर. रोवणी मागं मागंच..."

माझं बोलणं पुरं व्हायच्या आत त्यांनी डब्यावर बोट टेकवून तो थांबवला आणि दुसऱ्या बाजूनं फिरवला. "हां! आता बघा. आता कशी छान पुढे गेली!"

मी दुसऱ्या बाजूनं चिरेला डोळा लावला. बाई पुढे चालत होती. तिचा रिकामा हात चिखलात जायचा आणि रोप घेऊन वर यायचा. दूरच्या हिरव्या ओळी तिच्याकडे सरकत येत होत्या आणि ती एकेक रोप उपटून जुडीत ठेवत होती. मायनं अंगणात वाकून वाकून मला शिकवलेली बांधी माझ्या डोळ्यांसमोर नागडी होत होती. मी सगळा पंजा डब्यावर ठेवला, पत्र्याची धार लागली आणि डबा थांबला.

"सर, थे उपटून राह्यली!"

तोंडून घरची बोली निघाली. मागे कोणी तरी फिसकन हसलं. परीक्षकही हसले, समजुतीनं. म्हणाले, तुम्हाला माहीत असेल, बघणाऱ्याला काय माहीत? माणूस मागे जाताना दाखवला तर काय संदेश जातो? प्रगती नेहमी पुढे जाताना दाखवायची असते. मग त्यांनी तोडगाही सांगितला. डब्यावर एक बाण रंगवा, या बाजूनं फिरवा म्हणून. चित्रं उत्तम आहेत, मी आनंदानं पास करतो.

सर लाल रंगात बुडवलेला ब्रश घेऊनच आले. त्यांना माझ्या घरची अट माहीत होती. हळूच म्हणाले, "लाव बाई. एक बाणच तर आहे. मामाला काय सांगशील?"

कोकणातलं कोणी परीक्षक असतं तर हा प्रसंगच आला नसता, तिकडेही भात मागे सरकतच लावतात. पण त्या दिवशी टेबलापलीकडे कोकण नव्हतं. मी ब्रश हातात घेतला. खरंच घेतला. डोळ्यांसमोर मामाचं तोंड आलं, ते स्थळ आलं, मुलाचा फोटो आला. पण त्या डब्यात माझी माय होती. तिला मी शंभर लोकांसमोर स्वतःचंच शेत उपटायला लावणार होते, आणि तेही प्रगतीच्या नावानं. मी ब्रश परत सरांच्या हातात दिला आणि परीक्षकांकडे वळले.

"सर, तुम्ही दुपारी जेवलात तो भात असाच रोवलाय. मागं चालून. पुढं चालून रोवलेला भात कुठे मिळत असेल तर मला दाखवा, मी बाण काढते."

परीक्षकांचं हसू गेलं. त्यांनी वहीत काही लिहिलं आणि पुढच्या घोड्याकडे वळले.

निकाल फळ्यावर लागला. बाकी सगळ्यात पास, हलत्या चित्रात नापास. डबा मांडीवर घेऊन एसटीनं घरी आले. दोन दिवसांत मामा हजर. बाबा भिंतीला टेकून खाली मान घालून बसले. मामा तसा सरळ माणूस, त्यानं विचारलं तेही सरळच होतं. "एक बाण काढाले तुह्या बापाचं काय जात होतं?"

या वेळी माय चहा ठेवायला गेली नाही. उंबऱ्यात बसली होती. तिनं मलाच विचारलं, "त्यानं उलटा फिरवला, तवा काय दिसलं?"

"रोवलेलं उपटत होतीस तू."

"मी?"

"तूच तर आहेस त्यात. अंगठा तुझाच आहे."

माय उठली. कोनाड्यातला डबा काढला, उंबऱ्यावर ठेवला आणि स्वतःच्या हातानं उलटा फिरवून बघितला. मामाला वाटलं ही आता समजूत काढणार. बाहेरच्या उजेडात ती चिरेला डोळा लावून डबा आपोआप थांबेपर्यंत बसली. मग म्हणाली, "बरं केलं. अठरा वर्षांची होती तवापासून रोवून राह्यली मी. लोकायच्या बांधीत रोवलं, पण माह्या हातानं रोवलेलं कधी उपटलं नाई." आणि मामाकडे वळून, "दादा, पोरीले अजून एक साल लागते. त्या पोराकडच्यायले सांग, थांबाचं असन त थांबा, नाई त दुसरी पाहा." मामा बाबांकडे बघायला लागला. बाबा म्हणाले, "तिनं सांगतलं न." मामा जेवायला न थांबता गेला. तो वर्षभर आमच्याशी बोलला नाही, आणि ते स्थळही थांबलं नाही.

मायनं मला अट घातली. घरात बसायचं नाही, रोवणीला यायचं. त्या वर्षी मी पूर्ण हंगाम तिच्या शेजारी रोवलं. सुट्टीत दोन-चार दिवस रोवणं वेगळं आणि हंगाम काढणं वेगळं. तिसऱ्या दिवशी धुऱ्यावर आले आणि सरळ उभी राहू शकले नाही. तेव्हा कळलं की माझ्या चित्रातल्या बाईची पाठ मी फार सुंदर काढली होती. एक गोल, सुबक रेघ. तशी पाठ रोवणाऱ्या बाईची नसते, ती कमरेत मोडलेली असते आणि मानेत ताठ. मला ती बाराही ठिकाणी दुरुस्त करावीशी वाटली. पण एक रेघ जरी बदलली असती तरी चांद्यात म्हटलं गेलं असतं की नापास झाल्यावर सुधारून आणलं. म्हणून ती पाठ मी तशीच ठेवली. परीक्षकांची चूक त्यांची होती, ही माझी होती, आणि आजही तो डबा बघताना मला फक्त तीच दिसते.

पुढच्या वर्षी तीच पट्टी, तोच डबा टेबलावर ठेवला. सर म्हणाले, "निदान बाण तरी?" मी म्हटलं, "नाही." दुसऱ्यांदा नापास व्हायचीही तयारी ठेवली होती, मायला तसं सांगूनच निघाले होते. ती म्हणाली होती, "मंग काय, रोवणी आहेच."

या वेळी परीक्षक एक बाई होत्या. उन्हातून आलेल्या, घामेजलेल्या, कपाळावर चष्मा चढवलेला. त्यांनी डबा उचलून वजन बघितलं, खालचा हब बघितला आणि हसल्या. टेबलावर ठेवून त्यांनी काठावर हात ठेवला. मी त्या हाताकडे बघत होते. फिरवण्याआधी त्यांनी मान वर केली आणि मला विचारलं, "कुठल्या बाजूनं फिरवू?"

मला राग आला. एवढा लहानसा प्रश्न होता. तो कोणी विचारला नाही म्हणून माझं एक वर्ष गेलं होतं.